मापाला उभी

प्रवेशअर्जावर बोट ठेवून एक आई विचारते,
"टीचर, तुमचं अरंगेत्रम कुठं झालं?"
मी पावतीपुस्तक उघडते,
कार्बन नीट सरकवते,
म्हणते, चेंबूरला.
खोटं नाही ते. खरं म्हणायलाही जीभ जरा अडखळते.

छेडानगरात तळमजल्यावर अलमेलू टीचर शिकवायच्या
आणि मागच्या खोलीत माझी आई त्यांच्या मुलींचे पोशाख शिवायची.
कांजीवरम कापायचं, पंखा पाडायचा,
एकेक चुणी इस्त्रीखाली, श्वास रोखून.
ज्या मुलीचा कार्यक्रम तिला शाळा, ट्यूशन, ताप;
मग मापाला उभी राहायचे मी.
आठव्या वर्षी मी भैरवीची कंबर होते,
नवव्या वर्षी कमलिनी वेंकटरामनचे खांदे.
हलायचं नाही,
हा माझा पहिला धडा.

पण पाय कुठं ऐकतात.
भिंतीपलीकडे पाटावर काठी पडायची,
तेय्या तेय्, तेय्या तेय्,
आणि मशीनशेजारच्या फरशीवर
माझी टाच आपसूक.
"गौतमे, टाचणी घुसेल," आई म्हणायची
ओठांत चार टाचण्या धरून.
त्या दिवशी टीचर दारात होत्या. किती वेळ, कळलं नाही.
म्हणाल्या, "गुडघे बाहेर. अजून खाली बस."
एवढंच.
फीचं कुणी बोललं नाही.
त्या महिन्यापासून आईच्या बिलात
एक पोशाख कमी लिहिला जाऊ लागला.

अकरा वर्षं.
वर्णम् बसलं, तिल्लाना बसला.
मग हॉलचं भाडं, मृदंगम, व्हायोलिन, गायिका,
दोनशे माणसांचं जेवण.
आईनं हिशेब खडूनं कापडावर मांडला
आणि तळहातानं झटकला.
एका मंगळवारी सगळ्या मुली गेल्यावर
टीचर दिवे न विझवता बसून राहिल्या.
"पहिल्यापासून नाच," म्हणाल्या.
अलारिप्पू ते तिल्लाना, दोन तास,
काठी आणि त्यांचा बसलेला आवाज.
प्रेक्षकांत आई,
मांडीवर कुणाचा तरी ब्लाउज,
हुकं लावायची राहिलेली.
शेवटी तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत,
सुई हातात होती.

आता विक्रोळीत, कन्नमवारनगरात, सोसायटीच्या हॉलमध्ये माझा क्लास.
पेंटरनं पाटीवर 'नृत्य'चं 'नुत्य' केलंय;
दुरुस्तीचे पैसे वेगळे म्हणाला,
सहा वर्षं तसंच आहे.
रविवारी हॉलमध्ये लग्न लागलं
की सोमवारी आधी झाडू.
तरी अक्षता राहतातच फटींत,
केतकी परवा नाट्टडवू करता करता लंगडली.
शेजारचे तावडे भिंतीवर ठोकतात.
ठोका कधीच तालात नसतो,
त्याचाच जास्त त्रास होतो.

कोइमतूरला मुलाकडे राहायला जाताना
टीचरनी काठी दिली, एका बाजूनं झिजलेली.
मीही तीच बाजू वापरते.
उलटी धरली तर आवाज परका येतो.
डावा गुडघा संपलाय माझा,
"अजून खाली" आता खुर्चीत बसून म्हणते
आणि मुली हसतात, हसू देते.
नऊ जणींची अरंगेत्रमं केली.
कोपऱ्यात झांज धरून मी,
नजर पायांवर,
पण आधी, हटकून, कमरेच्या चुण्यांवर.

"चेंबूरला म्हणजे कुठल्या हॉलमध्ये?" ती आई विचारते.
मी रक्कम आकड्यात लिहिते, मग अक्षरी.
तिची मुलगी एव्हाना हॉलभर अनवाणी फिरून आलीये,
एका पायावर उभी राहून
तळव्याला चिकटलेला पिवळा तांदूळ दाखवते,
"हा कुणाचा?"